पंपवाल्याच्या भुईपाली

पाल म्हटलं की भलीभली माणसं खुर्चीवर चढतात. पंपवाल्याला याचं फार हसू यायचं, कारण त्याच्या टेकडीवरच्या पालीला खुर्चीवर तर सोडाच, साध्या गुळगुळीत पायरीवरही चढता येत नसे. घरातल्या पालीच्या बोटांना जी चिकटणारी गादी असते, ती हिच्या बोटांना नव्हतीच. हिच्या वाट्याला भिंत आलीच नाही, नुसती जमीन आली, असं तो म्हणायचा. बोटभर लांबी, मातीचा रंग, पाठीवर कुणीतरी ब्रश झटकावा तसे काळे ठिपके आणि बुडाशी जाड शेपूट. दिवसभर चपट्या दगडाखाली पडून राहायचं आणि ऊन उतरलं की वाळवी टिपायला बाहेर यायचं, एवढाच तिचा संसार. लोक तिला भुईपाल म्हणत. बहुतेक लोक तर काहीच म्हणत नसत, कारण त्यांनी ती बघितलेलीच नव्हती.

बघणार तरी कुठून? ती होतीच मुळी त्या एका टेकडीवर, आणि तीही सगळ्या टेकडीवर नाही. पंपघराच्या मागचा उतार दिवसभर उन्हात तापत पडलेला असे. तिथं माती जेमतेम वीतभर, तिच्यावर पापुद्र्यांसारखे सुटलेले चपटे दगड आणि मधूनमधून वाळकं गवत. भुईपालीचं राज्य एवढ्यावरच संपत असे. पलीकडच्या सावलीच्या उतारावर दगड तसेच, गवतही तसंच, पण पाल औषधाला सापडायची नाही. असं का, ते पंपवाल्याला माहीत नव्हतं आणि माहीत असल्याचा आवही तो आणत नसे. ‘‘आवडली असेल जागा,’’ म्हणून मोकळा व्हायचा.

त्याचं काम खालच्या तळ्यातलं पाणी टेकडीवरच्या टाकीत चढवायचं आणि टाकी भरली की व्हॉल्व्ह फिरवून ते शहराकडे सोडायचं. टाकी भरेपर्यंत माणसाला हातावर हात ठेवून बसावं लागतं. कुणी अशा वेळी झोपा काढतो, कुणी पत्ते कुटतो. हा दगड उचलायचा. बायको शेजारणींना सांगायची, ‘‘बाकीच्यांचे नवरे बाटल्या उचलतात, माझा दगड उचलतो. तक्रार कुठल्या तोंडानं करू?’’

दगड उचलायचीही एक रीत होती. पलीकडची कड धरायची आणि दगड आपल्याकडे कलता करायचा, म्हणजे खाली साप-विंचू निघालाच तर तो समोर पळतो आणि आपल्या पायांपुढं दगडाची ढाल राहते. बघून झालं की दगड हळूच त्याच्याच खाचेत बसवायचा. बोटभर फट राहिली तरी ऊन आत शिरतं, खालची ओल उडते आणि मातीत घातलेली दोन पांढरी अंडी वाळून जातात. दगड उचलून तसाच टाकून जाणाऱ्या माणसावर पंपवाला असा काही भडकायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, याच्याच घराचं छप्पर कुणी काढून नेलं.

ही रीत त्यानं एकाच माणसाला शिकवली, ती म्हणजे त्याची लेक. बेबी. शाळा सुटली की ती त्याचा डबा घेऊन टेकडी चढायची आणि तो जेवेपर्यंत उतारावर पालथी पडलेली असायची. भुईपाल घाबरली की शेपूट तोडून पळते. पंपवाल्याच्या हातून अशा कितीतरी शेपट्या तुटल्या, बेबीच्या हातून एकही नाही. दोन्ही तळव्यांची खोली करून ती पालीला आपणहून आत येऊ द्यायची. ‘‘हात माझ्यापेक्षा चांगला आहे पोरीचा,’’ हे तो भेटेल त्याला सांगायचा, न विचारणाऱ्यालाही.

बेबी मोठी झाली, इंजिनियर झाली, दगडखाणीच्या कंपनीत लागली. डोक्यावर पिवळं हेल्मेट, बुडाखाली जीप. तिच्या हाताखालचे मिशाळ बाप्ये तिला मॅडम म्हणत, आणि ते ऐकायला पंपवाला मुद्दाम काहीतरी निमित्त काढून खाणीच्या फाटकाशी जायचा. जुनी खाण संपत आली होती. कंपनीचा डोळा आता पंपघरामागच्या उतारावर होता, हे त्याच्या कानावर आलं तेव्हा त्यानं उतारावर दोन फेऱ्या मारल्या खऱ्या. पण मग त्यानं स्वतःचीच समजूत घातली. आपली पोरगी तिथं आहे. तिला काय सांगायला हवं?

आणि झालंही तसंच. एका सुट्टीच्या दिवशी ती घरी आली आणि लहानपणी बसायची तशी त्याच्या पायांशी जमिनीवर बसली.

‘‘बाबा, उतारावर भोकं पाडून दगड तपासणार आहेत. मशीन येतंय मोठं.’’

‘‘मग माझ्या भुईपालींचं काय?’’

‘‘तेच सांगायला आले. चिरडून जातील सगळ्या. त्याआधी आपण दोघं मिळून त्या उचलू. थोडे दिवस घरी ठेवू. मशीन गेलं की पुन्हा जिथल्या तिथं सोडू. नंतर सरकारी समिती येणार आहे बघायला. त्यांना एकदा भुईपाल दिसली ना, की उताराला कुणी हात लावत नाही. तुम्हीच दाखवा त्यांना.’’

पंपवाल्याला भरून आलं. लेक शिकली, साहेब झाली, तरी दगडाखालचा जीव विसरली नाही. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बायकोला हाक मारून म्हणाला, ‘‘ऐकलंस का गं? आपलं रक्त आहे हे!’’ बायको म्हणाली, ‘‘रक्त असू दे, पण पाली कुठं ठेवणार ते आधी सांगा.’’

पाली माळ्यावर ठेवल्या. झाकणाला भोकं पाडलेले प्लॅस्टिकचे डबे, प्रत्येकात थोडी तिथलीच माती आणि एक दगडाचा तुकडा. दगड गार असतो तेव्हा भुईपाल सुस्त असते, म्हणून बापलेक भल्या पहाटे उतारावर जात. ती एका टोकानं, तो दुसऱ्या टोकानं. कितीतरी वर्षांनी दोघं असे शेजारी शेजारी ओणवे झाले होते. तो जुन्या गोष्टी सांगत होता, ती हसत होती, आणि पंपवाल्याला आपलं वय दहा-वीस वर्षांनी उतरल्यासारखं वाटत होतं.

कुठली पाल कुठल्या दगडाची हे चुकू नये म्हणून त्याला दगडांवर चुन्याचे ठिपके द्यायचे होते. बेबी पटकन म्हणाली, ‘‘चुना नको बाबा. त्यांच्या घराला कशाला डाग?’’ बापाला ते इतकं आवडलं की त्यानं ते बायकोला दोनदा सांगितलं. मग तो डब्यांच्या झाकणांवर पेन्सिलनं त्या त्या दगडाचा आकार काढत बसला. शंकेची पाल मनात चुकचुकते म्हणतात. पंपवाल्याच्या मनातली पाल बहुधा टेकडीवरचीच, मुकी असावी, तिच्या तोंडून आवाज फुटला नाही.

काम त्यानं डोळ्यांत तेल घालून केलं. सगळा उतार धुंडून झाला तरी त्याचं समाधान होईना. एखादी चुकून राहिली आणि मशीनखाली आली तर? म्हणून तो एकटाच पुन्हा उतारावर फिरला आणि राहिलेल्या दोन-चारही वेचून आणल्या. बायकोनं हात टेकले. शिडीवर उभं राहून ती डब्यांना वाळवी द्यायची, नाक मुरडायची, आणि तो नसला की झाकणावर पाणी शिंपडून विचारायची, ‘‘झोपल्या का गं, सवतींनो?’’

मशीन मात्र येईना. आज येतंय, उद्या येतंय, रस्त्यात बंद पडलंय. एका सकाळी पंप सुरू करून तो बाहेर आला तर पायथ्याशी गाड्या उभ्या. त्याला वाटलं, आलं एकदाचं. पण गाड्यांतून मशीन उतरलं नाही, माणसं उतरली. गळ्यात दुर्बिणी, पायांत लांब बूट. आणि त्यांच्या पुढं वाट दाखवत पिवळं हेल्मेट.

समिती आली होती.

त्यातल्या एक पिकल्या केसांच्या बाई प्राण्यांच्या जाणकार होत्या. त्या खाली बसल्या, दगडाची पलीकडची कड धरून तो आपल्याकडे कलता केला, बघितलं आणि जागच्या जागी ठेवला. पंपवाल्याच्या मनात आलं, बाईंना रीत माहीत आहे. त्या दगडामागून दगड बघत गेल्या. प्रत्येक वेळी चेहरा थोडा पडत होता. त्यांना भुईपाल सापडायला हवी होती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

पंपवाल्याच्या पायांखालची जमीन तेव्हा सरकली. मशीन येणारच नव्हतं. कधीच येणार नव्हतं. उतार मशीनसाठी रिकामा केला नव्हता, या बाईंसाठी रिकामा केला होता, आणि तो एकट्या पोरीनं केला नव्हता, त्यानंही स्वतःच्या हातांनी केला होता.

तो बेबीजवळ गेला. हळूच म्हणाला, ‘‘बेबी, अगं यांना सांग की.’’

‘‘बाबा, पंप बघा तुम्ही. टाकी वाहील.’’

‘‘टाकी गेली खड्ड्यात!’’ त्याचा आवाज चढला. सगळ्यांनी वळून बघितलं. मग त्यानं बाईंकडेच मोहरा वळवला. ‘‘बाई, भुईपाली आहेत इथं. भरपूर आहेत. आत्ता माझ्या घरी आहेत, माळ्यावर. मशीन येणार म्हणून आम्ही दोघांनी उचलल्या. ही माझी मुलगी. हिनंच सांगितलं उचला म्हणून.’’

बाई ताडकन उभ्या राहिल्या. ‘‘एक तरी दाखवा, काका. एक पुरे आहे मला.’’

तो धावला. ठाऊक असलेला एक एक दगड त्यानं उलथला, रीत विसरून, अगदी दोन्ही हातांनी. एकही पाल नव्हती. कशी असणार? राहिलेल्या दोन-चारसुद्धा त्यानंच वेचून नेल्या होत्या. आयुष्यात कुठलं काम त्यानं इतकं चोख केलं नव्हतं.

मागून बेबीचं हसणं ऐकू आलं. मोठं नाही, माफी मागितल्यासारखं. ‘‘माफ करा हं. आमच्या बाबांना या पालींचं जरा वेड आहे. हल्ली वाढलंय. टेकडीवर एकटेच असतात ना दिवसभर, मग मनात येईल ते खरं वाटतं. डॉक्टरकडे न्यायचंच आहे.’’

पंपवाला ओणवाच राहिला. कुणी त्याच्या श्रीमुखात दिली असती तर तो सावरला असता. पण लेकीच्या तोंडून, चार परक्यांसमोर, इतक्या मायेच्या आवाजात! केसानं गळा कापतात म्हणजे काय, ते त्याला त्या दिवशी कळलं. दुखतसुद्धा नाही, नुसता श्वास घेता येत नाही.

‘‘चला घरी,’’ तो उठून म्हणाला. ‘‘आत्ताच्या आत्ता चला. डोळ्यांनी बघा.’’

सगळी वरात घरी निघाली. बेबीनं अडवलं नाही, तेव्हाच त्यानं ओळखायला हवं होतं. दारात बायको ओल्या हातांनी उभी. तो तिला बाजूला सारून आत गेला, शिडी लावली, वर चढला. माळ्यावर जुनी गादी होती, फुटकी बादली होती. डबे नव्हते. एकही.

‘‘अगं, डबे कुठायत?’’ तो वरून ओरडला. ‘‘सांग यांना. तू रोज वाळवी घालत होतीस ना? सांग!’’

बायकोनं त्याच्याकडे बघितलं. मग दारातल्या लेकीकडे बघितलं. बेबीच्या तोंडावर रंग नव्हता, तिचे ओठ थरथरत होते. आई तिच्याकडे बघतच राहिली. आणि रोज सवतींना जेवू घालणारी ती बाई पदराला हात पुसत म्हणाली, ‘‘कसले डबे? मला नाही बाई काही माहीत.’’

शिडीवरून खाली यायला पंपवाल्याला वेळ लागला. तोवर बेबी स्वयंपाकघरात शिरली होती. तिनं सगळ्यांना चहा दिला. बापालाही दिला, त्याला लागतो तसा, साखर जास्त. समितीतल्या एकानं जाताना त्याच्या पाठीवर हात ठेवून ‘‘तब्येतीला जपा’’ म्हटलं. बाईंनी दाराशी थांबून एकदा माळ्याकडे आणि एकदा त्याच्याकडे बघितलं आणि निघून गेल्या.

घरात तिघंच उरली. बायको रडत होती. ‘‘सकाळी हिचा ड्रायव्हर आला, म्हणाला काकांनी डबे मागवलेत, उतारावर सोडायचेत. मी म्हटलं सुटल्या बिचाऱ्या. मला काय ठाऊक! पण मघाशी पोरीचा चेहरा बघितला मी. काय करणार होते, तुम्हीच सांगा.’’

त्यानं बेबीला विचारलं, ‘‘कुठं सोडल्या?’’

‘‘पुलापलीकडे, झाडीत. चांगली सावली आहे, पाणी आहे.’’

‘‘त्यांना सावली चालत नाही.’’

‘‘माहीत आहे.’’

‘‘माहीत आहे तर मग?’’

ती कप विसळत होती. पाठ वळवूनच म्हणाली, ‘‘उतार रिकामा करायचं काम माझ्यावर टाकलं होतं. मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणी औषध फवारलं असतं. मी तुमच्याकडे आले. मला वाटलं, निदान तुमच्या हातून एकही मरणार नाही.’’

‘‘मला खरं का नाही सांगितलंस?’’

‘‘तुम्ही उचलल्या नसत्यात.’’

आणि हे अगदी खरं होतं. बेबी वळली. तिचे डोळे लाल होते. ‘‘आणि तुम्ही काय केलंत, बाबा? चार लोकांत माझं नाव घेतलंत. ही माझी मुलगी, हिनंच सांगितलं. तुमच्या त्या बोटभर पालींसाठी! मला वाटलं नव्हतं तुम्ही असं कराल.’’

ती खरंच दुखावली होती. त्यात नाटक नव्हतं, आणि तेच पंपवाल्याला सहन होईना. फसवणारा निदान नजर चुकवतो. ही त्याच्या डोळ्याला डोळा देऊन उभी होती, जशी काही फसवणूक तिचीच झाली होती. त्याला राग यायला हवा होता. राग आला नाही. त्याला तिची भीती वाटली, आणि स्वतःच्या पोरीची भीती वाटते म्हणून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी पंप बदलीच्या माणसावर सोपवून तो पुलापलीकडे गेला. झाडी दाट होती. जमिनीवर कुजका पाला, त्याखाली चिखल, दगड शोधूनही मिळेना. त्यानं पाला हातांनी उकरला. बरेच डबे एका झाडाखाली नीट रचून ठेवलेले सापडले, झाकणं उघडी. भुईपाल एकच सापडली, पण ती मुंग्यांना आधी सापडली होती. बाकीच्या कुठं गेल्या असतील? चढायला पाय नाहीत, लपायला दगड नाही. चिखलात बसून पंपवाला ढसाढसा रडला. तिथं ऐकायला कुणी नव्हतं म्हणून मोठ्यानं रडला.

बाईंचा फोन त्यानंतर आला, पंपघरात, टाकी भरत असताना. त्यांनी नंबर कुठून तरी मिळवला होता.

‘‘काका, मी अजून अहवालावर सही केलेली नाही. त्या दिवशी तुम्ही जे बोललात ते माझ्या डोक्यातून जात नाही. उतारावर वाळवी आहे, माती तशीच आहे, दगडांखाली अंड्यांची रिकामी कवचं आहेत. नुसत्या कवचांवर माझं कुणी ऐकणार नाही, ती जुनी आहेत म्हणतील. पण तिथं रोज राहणारा माणूस साक्ष द्यायला तयार असेल तर मी हे काम थांबवू शकते. नवीन पाहणी करायला लावते. अजून अंडी असतील मातीत. पिल्लं येतील.’’

अंडी! ती त्यानं उचलली नव्हती. ती कधी उचलायचीच नसतात. वीतभर मातीत, त्यानं न उलथलेल्या दगडांखाली, ती अजून तिथंच होती.

‘‘मी काय करायचं, बाई?’’

‘‘जे घडलं ते सांगायचं. पाहणीआधी प्राणी हलवणं गुन्हा आहे. तुम्ही फसवले गेलात, तुम्हाला काही होऊ देणार नाही मी. ज्यांनी करायला लावलं त्यांच्यावर खटला होईल. नोकरी तर जाईलच.’’

पंपाची घरघर चालू होती. खिडकीतून उतार दिसत होता, ऊन चढत होतं, त्यानं त्या दिवशी उलथलेले दगड अजून पालथेच पडले होते. आपल्याला वेडा ठरवणाऱ्या पोरीचं आपण काही देणं लागत नाही, असं त्यानं दोन दिवस स्वतःला बजावलं होतं. तळ्यापासून टाकीपर्यंत चढता-उतरता घोकलं होतं. आता तोंड उघडायची वेळ आली, तर घोकलेलं काहीच आठवेना.

‘‘मुलगी म्हणाली तेच खरं आहे, बाई,’’ तो म्हणाला. ‘‘मला वेड आहे पालींचं. इथं भुईपाली नव्हत्याच कधी. मला आपलं वाटत होतं.’’

‘‘काका, तुम्ही खोटं बोलताय.’’

‘‘हो, बाई,’’ पंपवाला म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.